ढोलकीवर हात

माझा सत्कार ठरला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. आमच्या मंडळीत माणसाला शाल दोनदाच पांघरतात, एकदा लग्नात आणि एकदा त्याला घरी बसवायचं असतं तेव्हा. माझं लग्न झालेलं नाही आणि आता ते होण्यातलं नाही, म्हणजे शाल कशाची ते उघडच होतं.

मंडळी म्हणजे कोपरखैरण्यातली आमची मराठी ख्रिस्ती माणसं. कुणी नगरकडचं, कुणी जालन्याचं. बरेचसे नोकरीमागे मुंबईत आले आणि परवडणारं घर शोधत खाडी ओलांडून इकडे स्थिरावले. आमचं चर्च एका टायरच्या दुकानाच्या वर आहे. खाली पंक्चर काढतात, वर आम्ही प्रार्थना करतो, आणि रविवारी दोन्हीकडे गर्दी असते. या चर्चचा तरुण संघ मी अठ्ठावीस वर्षं चालवला. शनिवारी संध्याकाळी पोरापोरींना गोळा करायचं, गाणी शिकवायची, वचन समजावून सांगायचं, नाटकं बसवायची, उन्हाळ्यात शिबिराला न्यायचं. मधल्या वेळात कुणाचा बाप पितो, कुणाचं गणित राहिलंय, कुणाचं कुणावर मन जडलंय आणि कुणाचं मोडलंय, हेही बघायचं. सुरुवातीला मी शुभाताई होते. मग शुभामावशी झाले. गेल्या वर्षी एका पोरीनं मला आजी म्हटलं. तिला मी नाताळच्या नाटकात मेंढरू केलं.

नोव्हेंबरात आमच्याकडे उपकारस्तुतीची उपासना असते. वर्षभर देवानं जे दिलं त्याबद्दल आभार मानायचे. यंदा देवाच्या पाठोपाठ माझेही मानले. आमचे पाळक रावसाहेब भले गृहस्थ आहेत, पण माईक हातात आला की त्यांना आवरत नाही. "शुभाताईंनी आपलं तारुण्य तरुणांना अर्पण केलं," असं म्हणाले. मी मनात म्हटलं, साहेब, अर्पण कसलं, शनिवार-शनिवार करत ते गेलं कधी ते मलाच कळलं नाही. मग शाल, मग काचेचं मानचिन्ह, मग टाळ्या. पोरांनी पडद्यावर जुने फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत मी कडेला, तोंड भलतीकडे, कारण फोटोच्या वेळी मी नेहमी कोण राहिलं ते शोधत असायची. शेवटी प्रितम बोलायला उभा राहिला. हा दिघ्याचा शिवराम ड्रायव्हरचा मुलगा. तेरा वर्षांचा होता तेव्हा संघात आला आणि बसायचा मागच्या बाकावर, दाराजवळ, पळता यावं म्हणून. आता बॅंकेत आहे, दोन मुलांचा बाप आहे, आणि संघ आता तो चालवणार होता. माझ्याच हाताखाली तयार झाला, मीच त्याचं नाव सुचवलं होतं. तो म्हणाला, "मावशी, तुमी आमच्यासाठी लय धावलात. आता आमी धावतो. तुमी फक्त आराम करा."

आराम करा. हा शब्द ज्यानं काढला त्याला एक आठवडा आराम करायला लावला पाहिजे.

आई जुलैमध्ये गेली होती. शेवटची तीन वर्षं ती पलंगावरच होती. तिचं अंघोळपाणी, औषधं, तिच्या हाका, यात दिवस कसा संपायचा ते कळायचं नाही. शनिवारी संध्याकाळी शेजारची रशिदा तिच्याजवळ बसायची आणि मी संघाला जायची. जुलैत देवानं एक काम काढून घेतलं आणि नोव्हेंबरात मंडळीनं दुसरं. दोघांचाही हेतू चांगलाच होता. न्हावा शेवाकडच्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसातली माझी नोकरी तर त्याच्या आधीच संपली होती.

सत्कारानंतरच्या पहिल्या शनिवारी मी चार वाजता तोंड धुतलं, साडी नेसले, केस विंचरले आणि मग पलंगावर बसून राहिले. जायचं कुठे? प्रितमच्या पहिल्याच सभेला जाऊन बसायचं म्हणजे त्याच्या छातीवर धोंडा. सासू घरात असली की सूनबाईची पोळी करपते. मी साडी बदलली आणि भाजी निवडत बसले. त्यानंतरचे शनिवार साडी न नेसताच गेले, एवढाच काय तो फरक.

मला वाटलं होतं, पोरं येत राहतील. पूर्वी माझा फोन दिवसभर किणकिणत असायचा, मी वैतागायची, बाथरूमला जाऊ द्याल का म्हणायची. आता तो इतका गप्प झाला की मी दोनदा दुकानात नेऊन दाखवला. दुकानदार म्हणाला, "काकी, फोन एकदम ओके आहे." फोन ओके होता. पुढच्या रविवारी चर्चच्या जिन्यात अबोली भेटली, आमची ढोलकी वाजवणारी, कॉलेजात जाणारी चुणचुणीत पोरगी. ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला किती वेळा फोन करणार होते, पण प्रितमदादाने ग्रुपवर टाकलंय, मावशींना आता कोणी त्रास द्यायचा नाही, त्यांना शांती मिळू दे." मी म्हटलं, "शांती मेल्यावर मिळते, अबोली." ती हसली. तिला वाटलं मी गंमत केली.

तसं पाहिलं तर कुणी वाईट वागत नव्हतं. रविवारी उपासना सुटली की सगळे हात मिळवायचे. "जय ख्रिस्त मावशी, बऱ्या आहात ना?" म्हणायचे आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्याला हात मिळवायचे. आदरानं माणूस जेवढा एकटा पडतो तेवढा भांडणानं पडत नाही. भांडणात निदान कुणीतरी समोर असतं.

मग डिसेंबर आला.

नाताळच्या आधी आमचा संघ घरोघर गाणी गायला जातो. त्याला आम्ही फेरी म्हणतो. एक टेम्पो ठरवायचा, मागे पोरं उभी, एक ढोलकी, एक गिटार, एकजण लाल कपड्यातला नाताळबाबा. दिघ्यापासून सुरुवात करायची, ऐरोली, घणसोली करत चार संध्याकाळींत कोपरखैरण्याला यायचं. शेवटच्या संध्याकाळी आमचं सेक्टर आणि बोनकोडे गाव. प्रत्येक घरात तीन गाणी आणि मग प्रार्थना. प्रार्थनेआधी घरच्यांना विचारायचं, "या घरासाठी काय मागायचं?" आणि ते जे सांगतील ते नाव घेऊन देवाकडे मागायचं. ही पद्धत मी पाडली. दहा मिनिटांच्या वर थांबायचं नाही आणि चहा फक्त शेवटच्या घरी, हेही माझंच. नाहीतर करंज्या खाऊन पोरांचे आवाज बसतात.

एवढी वर्षं फेरी काढली, पण ती माझ्या घरी कधी आली नाही. मीच आणली नाही. आई दरवर्षी म्हणायची, "अगं, आपल्या दारात पण म्हणा की दोन गाणी." मी म्हणायची, "आई, आपण घरचेच. घरच्यांकडे कसली फेरी?" तेवढ्या वेळात दुसरं एक घर होतं. हिंडतीफिरती होती तोवर आई मग खिडकीतून टेम्पोकडे हात हलवायची आणि मी खालून ओरडायची, आत जा, वारं लागेल.

यंदा मी ठरवलं की फेरी आपल्या घरी येणार. ठरवलं म्हणजे काय, कुणाला बोलले नाही. पण मनात पक्कं होतं. आता मी संघात नाही, म्हणजे मी घरची नाही, पाहुणी आहे. मग माझं घर फेरीत यायलाच हवं. इतर वेळी त्रास द्यायचा नाही हे समजू शकते, पण नाताळची फेरी हा काही त्रास नव्हे. माझी पोरं माझ्या घरावरून थोडीच पुढे जातील!

आमच्यात घरी कुणी गेलं असेल तर पहिला नाताळ करत नाहीत. खिडकीत नाताळचा तारा लावत नाहीत, फराळ करत नाहीत. मी तारा लावला नाही, कारण समोरच्या बिल्डिंगमधली शर्मिला लगेच म्हणाली असती, आईला सहा महिने झाले नाहीत आणि हिचा उत्साह बघा. पण करंज्या केल्या. खिडक्या लावून केल्या. घरात तेलाचा वास कोंडला आणि मला पोरवयात चोरून काही केल्यासारखं वाटत होतं. रशिदाच्या नाकाला तो भिंतीपलीकडून गेलाच.

रशिदा उरणकडची. नवरा कासिम बंदरात होता, आता दोघंच असतात, मुलगा हमझा मस्कतला. आईला शेवटचे दिवस तिनं माझ्याइतकंच सांभाळलं. ती दारात येऊन म्हणाली, "काय गो शुभा, खिडक्या लावून काय तलतेस?"

"करंज्या. आज पोरं येणार आहेत."

"बोलवलीस?"

"बोलवायचं कशाला? ती येतातच."

रशिदानं माझ्याकडे बघितलं आणि पाट ओढून करंज्या भरायला बसली.

संध्याकाळी मी आईच्या पलंगावरची चादर बदलली, तिथे चार जण बसतील म्हणून. टीव्ही भिंतीला सरकवला. गाणाऱ्यांना उभं राहायला जागा कुठे होईल, ढोलकीवाली कुठे बसेल, याचा हिशोब मी पुन्हा पुन्हा करत होते. दोन खोल्यांच्या घरात एवढी पोरं मावणार नाहीत, काही जिन्यात उभी राहतील, जिन्यातलीही ऐकू येतात. निळी साडी नेसले. रशिदा सोबतीला बसून होती. तिला म्हटलं, तू जा, कासिमभाईंचं जेवण असेल. ती म्हणाली, "त्याला हात हायत."

आठच्या सुमाराला बोनकोड्याच्या बाजूनं ढोलकी ऐकू आली. अबोलीचा हात मी झोपेत ओळखीन, ती प्रत्येक गाणं थोडं पळवते. मी गॅस पेटवून आधण ठेवलं. ढोलकी जवळ आली, कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी आली, आमच्या गल्लीत वळली. मी दार उघडून उभी राहिले.

आणि ढोलकी थांबली.

मला वाटलं, टेम्पो लावताहेत. गल्लीत गाड्या इतक्या लावलेल्या असतात की टेम्पो वळवायला वेळ लागतो. मी खिडकीशी गेले. टेम्पो थांबला नव्हता. अगदी हळू चालला होता. मागे पोरं उभी होती, एकमेकांना धरून, माना खाली घालून. कुणी बोलत नव्हतं. नाताळबाबानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती. अबोलीनं दोन्ही पंजे ढोलकीवर पसरून ठेवले होते, चुकूनही वाजू नये म्हणून. टेम्पो माझ्या खिडकीखालून असा गेला आणि पुढची बिल्डिंग ओलांडल्यावर गाणं पुन्हा सुरू झालं.

मी गॅस बंद केला.

हे त्यांना मीच शिकवलेलं. संघ हातात घेतला त्याच्या दुसऱ्याच वर्षी दिघ्यात एका घरी आम्ही ढोलकी बडवत जिना चढलो होतो. दोन महिन्यांपूर्वी त्या घरातला तरुण मुलगा कंपनीत मशीनमध्ये सापडून गेला होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता. त्याच्या आईनं दार उघडलं, आमच्या नाताळबाबाच्या लाल कपड्यांकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता लावून घेतलं. त्यानंतर मी नियम केला. ज्या घरी त्या वर्षी दुःख झालंय तिथे त्यांनी बोलावल्याशिवाय जायचं नाही. त्यांच्या दारावरून जाताना तोंड मिटायचं आणि ढोलकीवर हात ठेवायचा. दरवर्षी फेरीच्या आधी हे बजावायची. माझं बाकी काही ऐकलं नसेल या पोरांनी, शिबिरात रात्री जागू नका म्हटलं तर पहाटेपर्यंत खिदळायची, पण हे बरोबर लक्षात ठेवलं होतं. पेरलं तसं उगवलं. तक्रार कुणाची करायची? आपलेच दात, आपलेच ओठ.

मी पलंगावर बसले आणि मला रडू आलं. आई गेली तेव्हा सगळ्यांसमोर मी नीट वागले होते. सत्कारातही हसतमुख होते. पण ती पोरं माझ्या खिडकीखालून इतक्या प्रेमानं गप्प बसून गेली, ते मला सोसवेना. ती मला विसरली असती तर मी रागावले असते, आणि राग मला चांगला जमतो. ती विसरली नव्हती. माझ्या आईसाठी टोपी काढली होती. आणि त्यामुळेच माझ्या दारात कुणी येणार नव्हतं.

रशिदा उठली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "मंग जा की खाली. हाक मार."

"मी? मी कशी बोलवू?"

"का? तोंड नाय तुला? चालीस घरांत जाऊन गात होतीस तवा लाज नाय वाटली, आता आपल्या घरात बोलवाया लाज वाटते?"

"रशिदा, मी त्यांची पुढारी होते. त्यांच्यामागे धावत जाऊन माझ्या घरी या म्हणू?"

"रडल्याबिगर आई पन दूध पाजत नाय," ती म्हणाली. "आनि इथं तर आई तूच. तुला कोन पाजनार? उठ."

मी उठले ते तिच्या आवाजाला घाबरून. जिना उतरताना ठरवत होते की दूध आणायला निघालेय असं दाखवायचं, आणि त्यांनी आपणहून विचारलं तर मग बघू. टेम्पो गल्लीच्या टोकाशी अडकला होता. कुणीतरी वाटेत गाडी उभी करून गेलं होतं आणि ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मला बघून पोरं परत गप्प झाली. प्रितम उडी मारून खाली आला.

"जय ख्रिस्त मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "आमच्यामुळे त्रास झाला का? दारावरून जाताना आमी वाजवलं नाय."

"बघितलं मी. छान केलंत." माझा आवाज मलाच पाळकांसारखा वाटला. "मी दूध आणायला चाललेय."

"आनून देऊ?"

"नको."

"मावशी, यंदा तुमच्याकडे आमी नंतर येऊ. नाताळ झाला की. शांत, दोघं-तिघं येऊ, प्रार्थना करू आईंसाठी."

"हो, या."

गाडीवाला आला, शिव्या खात गाडी काढली, वाट मोकळी झाली. प्रितमनं मला हात जोडले आणि टेम्पोच्या फळीवर पाय ठेवला. ड्रायव्हरनं गिअर टाकला. मला वाटलं, आता बोलले नाही तर हे असंच. पुढच्या वर्षीही दोघं-तिघं येतील, शांत.

"प्रितम," मी म्हटलं, आणि ते ओरडल्यासारखं आलं. "तुम्ही आजच यायला हवंय. सगळ्यांनी. ढोलकी घेऊन."

तो फळीवर एक पाय ठेवूनच थांबला. "पन मावशी, तुमीच बोलला होता की दुःखाच्या घरी..."

"बोलावल्याशिवाय जायचं नाही असं बोलले होते. मी बोलावतेय." मग माझा धीर सुटला. "मला आराम नकोय रे. मी वर एकटी बसलेय आणि तुम्ही खालून गेलात. मी करंज्या केल्यात."

अबोलीनं ढोलकी गळ्यात अडकवली आणि पहिली उडी तिनं मारली.

सगळी वर आली. मावली नाहीत, जिन्यात उभी राहिली, रशिदाच्या दारापर्यंत गेली. कासिमभाई लुंगीवर बाहेर येऊन कौतुकानं बघत होते. समोरच्या बिल्डिंगमध्ये शर्मिलाची खिडकी उघडली. उघडू दे म्हटलं. माझी मात्र भलतीच पंचाईत झाली, मी उभं कुठे राहायचं तेच मला कळेना. इतकी वर्षं प्रत्येक घरात मी दाराच्या बाजूला, गाणाऱ्यांत उभी राहिले. घरचे आतल्या बाजूला हात जोडून उभे असतात. ती बाजू मला माहीत नव्हती. मी सवयीनं अबोलीच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि सूर धरायला तोंड उघडलं, तर प्रितमनं मला खांद्याला धरून हळूच वळवलं आणि आईच्या पलंगावर नेऊन बसवलं.

"तुमी नाय मावशी. आज तुमी ऐकायचं."

मी ऐकलं. गाणी मीच शिकवलेली, तरी समोरून ऐकली की वेगळी असतात हे मला ठाऊक नव्हतं. अबोलीनं तिसरं गाणं पळवलंच. एरवी मी तिच्यावर डोळे वटारले असते. त्या दिवशी माझे हात मांडीवर होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. शेजारी आईची जागा होती. ती खिडकीतून हात हलवायची ते आठवत होतं आणि मी तिला आत जा म्हणून ओरडायची तेही.

गाणी संपली. प्रितमनं डोळे मिटायच्या आधी, पद्धतीप्रमाणे विचारलं, "मावशी, या घरासाठी काय मागायचं?"

हा प्रश्न मी किती घरांत विचारला असेल. लोक नोकरी मागायचे, मुलीचं स्थळ मागायचे, व्हिसा, बीपी, सिडकोच्या लॉटरीत घर. ज्यांना काहीच सांगायचं नसे ते म्हणत, सगळ्यांचं भलं मागा. मी तेव्हा त्यांना सोडून द्यायची आणि सगळ्यांचं भलं मागून पुढच्या घरी जायची. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. सगळ्यांचं भलं माग बाबा आणि निघा, तुम्हाला उशीर होतोय.

"मला एकटीला इथे राहवत नाही," मी म्हटलं. "एवढंच सांग देवाला."

प्रितमला प्रार्थना लांबवायची खोड आहे, मी त्याला किती वेळा टोकलंय. त्या दिवशी त्यानं डोळे मिटले, "हे स्वर्गीय बापा" म्हणाला आणि पुढे काही येईना. घसा खाकरला, परत "हे बापा" म्हणाला. बॅंकेतला माणूस, दोन मुलांचा बाप, दाराजवळच्या बाकावरच्या पोरासारखा नाक ओढत उभा. शेवटी अबोलीच बोलली, डोळे उघडे ठेवून.

"मावशी, देवाला सांगतोच. पण आधी आम्हाला सांगायचं ना."

"तुम्ही फोन केला असतात तर सांगितलं असतं," मी म्हटलं. मला राग आला होता आणि तो आला याचं बरं वाटत होतं. "ग्रुपवर टाकतो म्हणे, त्रास देऊ नका. कुणी सांगितलं होतं तुला, शहाण्या?"

"चुकलं मावशी," प्रितम म्हणाला.

"मग कर आता प्रार्थना. आणि लांबवू नकोस, चहा उकळतोय."

रशिदानं केव्हाच गॅस पेटवला होता. अबोली म्हणाली, चहा तर शेवटच्या घरी असतो, अजून चार घरं राहिलीत. मी म्हटलं, नियम मी केलाय, मीच मोडतेय. पोरांनी उभ्याउभ्या करंज्या खाल्ल्या. काहींना चहा रशिदाच्या घरात मिळाला, काहींना जिन्यात. नाताळबाबाची दाढी कपात बुडाली. प्रितम म्हणाला, "चला मावशी, पुढच्या घरांना तुमी पन या." मला जावंसं वाटलं, फार वाटलं. पण मी नाही म्हटलं. मी गेले असते तर परत गाणाऱ्यांत मिसळले असते आणि घराला कुलूप लागलं असतं. म्हटलं, मी येणार नाही, तुम्ही येत जा. तो हो म्हणाला. हो म्हणणारी पोरं मी पुष्कळ पाहिलीत, तेव्हा बघू. शनिवार काही लांब नव्हता.

ती गेली. ढोलकी जिन्यातूनच सुरू झाली, खाली गेली, गल्लीतून वळली आणि ऐकू येईनाशी झाली. रशिदा पदर खोचून आवरायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला आणि तिला घरी पाठवलं. घर पुन्हा तेवढंच झालं, दोन खोल्या आणि मी. उलट मघाच्यापेक्षा जास्त शांत वाटत होतं.

कप सगळीकडे पडले होते. पलंगाच्या कडेवर, खिडकीत, टीव्हीवर, उंबऱ्यात. एकात करंजीचा तुकडा बुडालेला. आयुष्यभर मी या पोरांच्या मागे लागले, आपापले कप उचला, धुवा, पालथे घाला. त्या रात्री मी एकाही कपाला हात लावला नाही. दिवा चालूच ठेवला आणि पलंगावर बसून त्यांच्याकडे बघत राहिले. माणसं येऊन गेलेलं घर कसं दिसतं ते मला सकाळपर्यंत बघायचं होतं.